गेन, जवारी आणि भोंगा

गिटारच्या ॲम्पची नक्कल करणाऱ्या यंत्राला बेळगाव-निपाणीकडे ‘ॲम्प मॉडेलर’ असं कोणी म्हणत नाही. आमच्याकडे तो ‘प्रोसेसर’. नव्वदच्या दशकात झूम ५०५ नावाची, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी छोटी पेटी आली, तेव्हापासूनचा हा शब्द. आज पायाखाली तिच्या कितीतरी पट ताकदीचं यंत्र असलं तरी शब्द तोच आहे, आणि त्याच्याबरोबरची तक्रारही तीच. घरी हेडफोनवर भिंतीसारखा वाटलेला आवाज गणपतीच्या स्टेजवर किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला डासाच्या गुणगुणीसारखा होतो. मिक्सरमागून साउंडवाला ओरडतो, ‘अण्णा, तुमची गिटार ऐकूच येईना की!’ अण्णा वाकतात आणि गेनचं बटण आणखी थोडं उजवीकडं फिरवतात. आवाज आणखी पातळ होतो.

आवाज जाड करायचा म्हणजे काहीतरी वाढवायचं, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिच्याशी भांडावं लागतं. पण रस्सा घट्ट व्हावा म्हणून कोणी तिखट घालत नाही, वाटण घालतात. गेन हे तिखट आहे. वाटण कुठं मिळतं याबद्दल गिटारवाल्यांमध्ये निदान अर्धा डझन मतं आहेत. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, आणि बहुतेकांत त्या तथ्याहून मोठा आत्मविश्वास.

आधी इथं प्रोसेसरच का, ते पाहू. व्हॉल्व्हचा ॲम्प आणि बारा इंची चार स्पीकरांचं कॅबिनेट ही जोडी इथल्या बहुतेकांनी फोटोतच पाहिलेली असते. मार्शलचं तसं एक कॅबिनेट पस्तीस किलोंच्या पुढं भरतं. निपाणीहून बेळगावला कार्यक्रमाला यायचं तर ते एसटीत चढवणार कसं? प्रोसेसर पाठीवरच्या पिशवीत मावतो. बेळगावच्या कँपातल्या चर्चमध्ये वाजवणारा, मराठी-कन्नड-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रातला आणि इंजिनिअरिंग कॉलेजातला मेटलवाला, तिघांच्याही पायाखाली तेच यंत्र. यातून एक गोष्ट घडली, तिच्याकडं आपलं लक्ष जात नाही. जाड गिटार म्हणजे काय, हे आपण ॲम्पसमोर उभं राहून शिकलोच नाही. ते शिकलो रेकॉर्ड ऐकून. रेकॉर्डवरची गिटार म्हणजे माइकनं टिपलेली, दोन-चार वेळा वाजवून एकावर एक चढवलेली, कापून-तासून बेस गिटारच्या खांद्यावर बसवलेली गिटार. आपण प्रोसेसरकडं जे मागतो, ते एकट्या ॲम्पनं कधी कुणालाच दिलेलं नाही.

यंत्रांचा इतिहास थोडक्यात पुरे. रोलंडचं व्हीजी-८ १९९५ मधलं. लाइन सिक्सची लालसर, राजम्याच्या आकाराची पॉड ही पेटी १९९८ मधली. फ्रॅक्टल ऑडिओचं ॲक्स-एफएक्स २००६ चं. खऱ्या ॲम्पची जणू छबी काढून घेणारा केम्पर २०११ चा, हेलिक्स २०१५ चं, आणि न्यूरल डीएसपीचं क्वाड कॉर्टेक्स २०२१ पासून लोकांच्या हाती. आता तर न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर कोणाच्याही लॅपटॉपवर ॲम्पची नक्कल उभी करतं. जुन्या पेट्या पातळ वाजायच्या ही तक्रार खरी होती, आणि तिला कारणही होतं. आवाज फाडला, म्हणजे डिस्टॉर्ट केला, की त्यातून वरचे स्वरांश (हार्मोनिक्स) निपजतात. १० किलोहर्ट्झच्या अंशाचा तिसरा स्वरांश ३० किलोहर्ट्झवर जातो, पण सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात तेवढ्या उंचीला जागा नसते. मग तो दुमडून १४.१ किलोहर्ट्झवर येऊन बसतो, मूळ सुराशी काडीचं नातं नसलेला. अशा अनाहूतांची गर्दी झाली की आवाजाला वाळूसारखी किरकिर येते. आजची यंत्रं आतल्या आत कितीतरी जास्त नमुने घेऊन हे टाळतात. म्हणून माझं मत असं, की गेल्या दहा वर्षांतला बरा प्रोसेसर हातात असेल तर पातळ आवाजाचा दोष यंत्राला देऊ नये. नवीन घेतलं तरी जुना हातच ते फिरवणार आहे.

आता जाड म्हणजे काय? हा प्रश्न परका वाटण्याचं आपल्याला खरं तर कारण नाही. पलीकडं मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात. तिथला कारागीर घोडीचा माथा अगदी हलक्या उतारानं घासतो, वर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो. जवारी लागण्याआधीची तार नुसती टणत्कार करते. लागल्यावर तीच तार खोलीभर पसरते. ताण तोच, बोटाचा जोर तोच. वाढतात ते स्वरांश. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या टिपणात हेच दाखवलं होतं: तार ज्या बिंदूवर छेडली, तिथं स्थिर राहणारे स्वरांश नियमानं ऐकू यायला नकोत, पण तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळं तेही दणदणीत वाजतात. गिटारच्या डिस्टॉर्शनची जात याहून फार वेगळी नाही. तेही स्वरांशच वाढवतं, फक्त घोडीऐवजी विजेच्या मंडलातून.

दुसरा धडा पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं हे बेळगाव. पेटी इथं नुसती साथीला नसायची. पेटीत सुरांचे संच असतात, खर्ज, नर, मादी, आणि एक पट्टी दाबली की खर्ज-नर जोडीनं बोलतात. एका संचाची पेटी कितीही जोरानं भाता मारून वाजवा, ती जोडीच्या पेटीइतकी भरत नाही. जोर आणि भरदारपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेटीवाल्याला सांगावं लागत नाही. गिटारवाल्याला लागतं.

तिसरा धडा आमच्या भागातला सर्वांत गोंगाटी, आणि त्याकडं मी शेवटी पुन्हा येणार आहे: बेंजो पार्टी. हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग, १९१२ मध्ये जपानात निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज, टाइपरायटरसारख्या कळांचा. त्याला पिकअप, पिकअपला ॲम्प्लिफायर, आणि ॲम्प्लिफायरला पत्र्याचा भोंगा. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. तरी मिरवणुकीत दोन गल्ल्या पलीकडून तो बेंजो जाडच ऐकू येतो. पातळ म्हणून त्याची तक्रार करताना मी कुणाला ऐकलं नाही. तक्रार असते ती वेगळीच. जुन्या टेलिफोनचंही तसंच होतं. त्याच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी १२० हर्ट्झचा वडिलांचा घोगरा आवाज आपण ओळखायचो. खालचा सूर गाळला तरी वरच्या स्वरांशांवरून कान तो स्वतःच भरून काढतो. तेव्हा जाडी म्हणजे बेस, हे पहिलं मत इथंच निम्मं कोसळतं.

गेनकडं वळू. गेन वाढवला की लाटेचे माथे छाटले जातात. थोडे छाटले तर स्वरांश येतात, जवारी लागते. सगळेच छाटले तर छेडल्याचा पहिला ठोका आणि मागून येणारा नाद एकाच उंचीचे होतात. जाडीची जाणीव बरीचशी त्या ठोक्यात असते. तो नाहीसा झाला की उरतो सपाट सळसळाट. एसी/डीसीची ‘बॅक इन ब्लॅक’ (१९८०) ही तबकडी कान देऊन ऐका. भिंतीसारखी वाटणारी ती गिटार जवळजवळ स्वच्छ आहे; हात जोरात आहे, गेन नाही. घरच्या पॅचमध्ये, म्हणजे प्रोसेसरात साठवलेल्या मांडणीत, गेन आहे त्याच्या निम्म्यावर आणून हात दुप्पट जोरानं चालवायचा, हा प्रयोग फुकट आहे आणि दहापैकी सात वेळा पुरतो. पहिली दहा मिनिटं वाजवताना कमीपणा वाटतो. वाटू द्यावा.

गेनबरोबर कोणते सूर वाजवतो याचाही हिशोब लागतो, आणि इथं आपला शास्त्रीय संगीताचा कान फार उपयोगी पडतो. मेटल-रॉकमधला दोन तारांचा ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे षड्ज-पंचम, तंबोऱ्याचीच जोडी. फाटलेल्या आवाजात दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाचा तिसरा सूर जन्मतो. जाड तारेचा मोकळा ई ८२.४ हर्ट्झचा, त्याचा पंचम १२३.५ चा, फरक ४१.१, म्हणजे जवळपास त्याच ईचा खालच्या सप्तकातला खर्ज. न वाजवता मिळालेला खर्ज! बेस गिटारची सर्वांत खालची तार नेमकी तिथंच बोलते. आता याच जोडीत शुद्ध गंधार घाला. गिटारच्या पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त २ सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, पण गंधार १४ सेंटनं चढलेला. स्वच्छ आवाजात हे खपून जातं. फाटलेल्या आवाजात त्या १४ सेंटांतून आंदोलनं उठतात आणि सगळं गढूळ होतं. सहा तारांचा भरगच्च कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये पातळ आणि दोन तारांचा जाड का लागतो, याचं उत्तर हे. ऑर्केस्ट्रात हिंदी गाण्याचे सगळे कॉर्ड पूर्ण वाजवायची सवय असलेल्याला ते पचायला वेळ लागतो.

मग ईक्यू. घरी एकट्यानं बसवलेल्या पॅचचा आलेख बहुधा हसऱ्या तोंडासारखा असतो: बेस वर, ट्रेबल वर, मिड खड्ड्यात. एकट्यानं ऐकताना हे छान वाटतं, आणि बँडमध्ये हाच पॅच बुडतो. ८० ते १०० हर्ट्झच्या खाली बेस गिटार, ढोल आणि कीबोर्डचा डावा हात बसलेले असतात. वर झांजा आणि गायिकेचा स, श, च. गिटारची स्वतःची जागा साधारण ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये, आणि आपण तीच खणून टाकलेली असते. २०० ते ३०० च्या पट्ट्यात जाडी आणि गढूळपणा शेजारी-शेजारी राहतात, तिथं हात जपून. ३ ते ४ किलोहर्ट्झवर चिरका कडवटपणा. या बाबतीत मेटालिकाची १९८८ ची ‘…अँड जस्टिस फॉर ऑल’ ही तबकडी मला नेहमी पुढं करावीशी वाटते. गिटारी धारदार, मिड गायब, आणि बेस गिटार इतकी दाबलेली की जवळजवळ ऐकूच येत नाही. जगातल्या नावाजलेल्या गिटारवाल्यांची तबकडी, पण कोरडी, हाडकुळी. गिटारच्या जाडीतला मोठा वाटा बेसवाल्याचा असतो याचा याहून महाग पुरावा सापडणार नाही.

इबानेझच्या ट्यूब स्क्रीमरची हिरवी पेटी (टीएस-८०८, १९७९) बहुतेक प्रोसेसरांत आत असतेच. तिचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर, आणि ती ॲम्पच्या आधी. ती खालचा भाग थोडा कापते आणि ७०० हर्ट्झच्या आसपास उंचवटा देते. म्हणजे बेस कमी करून जाडी वाढते. ऐकायला उफराटं, पण ॲम्पमध्ये शिरण्याआधी बेस कापला तर तो फाटून गढूळ होत नाही. नंतर, ॲम्पच्या पुढं, हवा तेवढा परत घालता येतो. ‘आधी काप, मग घाल’ हा क्रम लक्षात राहिला तर ईक्यूबद्दलचं निम्मं पुस्तक वाचल्यासारखं आहे.

आता स्पीकर. माझ्या मते सगळा प्रश्न इथं अडकतो, आणि बहुतेक जण इथं सर्वांत कमी वेळ घालवतात. गिटारचा स्पीकर हा मुळात वाईट स्पीकर असतो. सेलेस्टियनचे व्हिंटेज ३० किंवा ग्रीनबॅक घ्या, त्यांचा पल्ला कंपनीच्याच कागदावर सत्तर-पंचाहत्तर ते ५००० हर्ट्झ. त्यापुढं तो जवळजवळ दार बंद करतो. आणि बरंच आहे, कारण डिस्टॉर्शनची किरकिर त्या दाराबाहेरच असते. प्रोसेसर जेव्हा पीएच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या साउंड सिस्टीमच्या, मोठ्या स्पीकरांत जातो, तेव्हा हॉर्न २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीनं ओकतो. म्हणून यंत्रात कॅबिनेटची नक्कल लागते, तिला आज सगळे ‘आयआर’ (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणतात. एका क्षणाच्या टिचकीला स्पीकर, लाकूड आणि माइक मिळून काय उत्तर देतात, त्याची ही छबी. २०४८ नमुन्यांचा आयआर म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ४३ मिलिसेकंदांचं उत्तर. एवढ्याशा तुकड्यात आवाजाचा निम्मा स्वभाव असतो. ॲम्पचं मॉडेल बदलून जो फरक पडत नाही, तो आयआर बदलून एका झटक्यात पडतो.

यात माइकची जागा फार बोलते. श्युअरचा एसएम-५७ स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार. दोन बोटं कडेला सरकवला तर गोल आणि जाड. आयआरच्या फाइलींच्या नावात ही जागा लिहिलेली असते, आणि लोक ती न वाचता शंभर फाइली ऐकत बसतात. एसएम-५७ च्या जोडीला रॉयर आर-१२१ सारखा रिबन माइक, ही स्टुडिओतली जुनी जोडी. रिबन खालचा मांसल भाग देतो, ५७ कणा देतो. पण दोन आयआर एकत्र करताना एक खड्डा आहे. दोघांत १ मिलिसेकंदाचा फरक राहिला, म्हणजे खोलीत जेमतेम चौतीस सेंटिमीटर, तर एकमेकांना खोडण्याची पहिली जागा नेमकी ५०० हर्ट्झवर येते. जाडी वाढवायला दुसरा माइक घेतला आणि जाडीचं घरच पाडलं, असा प्रकार. तयार आयआर विकणारे बहुधा हे जुळवून देतात. स्वतः जुळवणाऱ्यानं एकाची पोलॅरिटी उलटून पाहावी. उलटल्यावर आवाज जाड झाला तर आधी काहीतरी चुकलं होतं.

आयआरच्या पुढं ८० ते १०० हर्ट्झवर लो कट आणि ६ ते ८ किलोहर्ट्झवर हाय कट. काही बेळगावी मित्रांना लो कट म्हणजे जाडी कापणं वाटतं. साउंडवाल्याला विचारा, तो तुमच्या चॅनेलवर लो कट आधीच मारून बसलेला असतो.

व्हॉल्व्ह ॲम्प आणि स्पीकर यांच्यातली एक कुजबुजही प्रोसेसरात असते, ती फारसं कोणी उघडून पाहत नाही. गिटारचा स्पीकर शंभर हर्ट्झच्या आगेमागे अनुनादतो. तिथं त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, आणि व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच जागी थोडा जास्त धक्का देतो. पाम म्यूट केल्यावर छातीवर बसणारी ती ‘धुम्’ म्हणजे हीच. प्रोसेसरात ती ‘डेप्थ’ किंवा ‘रेझोनन्स’ या नावानं दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लपलेली असते. टोन स्टॅकवरचा बेस आणि ही डेप्थ यांत फरक आहे: बेस फाटण्यात सामील होतो, डेप्थ फाटून झाल्यावर येते. थोडी वाढवून बघण्यासारखी.

एवढं सगळं नीट बसवूनही स्टेजवर आवाज पातळ होतो, त्याचं कारण कानात आहे. बेल लॅब्जचे हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं, की आवाज हळू असताना आपल्या कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. मोठा झाला की ते आपोआप भरतात. शेजारी झोपलेत, आई रागावते, म्हणून हळू आवाजात बसवलेल्या पॅचमध्ये आपण बेस-ट्रेबल वाढवून ती कमतरता भरतो. मग साउंडवाला फेडर चढवतो, कान बदलतो, आणि तोच पॅच खाली गदगद, वर सुयांसारखा आणि मध्ये रिकामा. दोष कुणाचाच नाही. उपाय एकच: जितक्या मोठ्यानं वाजवायचंय, तितक्याच मोठ्यानं पॅच बसवायचा. बेळगावात ते शक्य होण्यासाठी मी एकदा ओळखीच्या एका मंगल कार्यालयात दुपारी, लग्नाची तिथी नसलेला दिवस गाठून, दोन तास मागून घेतले होते. तिथल्या काकांनी ‘फक्त पंखा लावू नको’ एवढीच अट घातली. त्या दोन तासांत मी बेस दोन वेळा कमी केला, ट्रेबल तीन वेळा, आणि मिड पाच वेळा वाढवला. घरी येऊन हेडफोनवर ऐकलं तर आवाज नाकात बोलल्यासारखा. स्टेजवर त्याच पॅचला पहिल्यांदा कोणीतरी जाड म्हणालं.

थर चढवण्याचा मार्ग रेकॉर्डिंगवाल्यांचा. तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही वेळा हात किंचित वेगळा पडतो, त्या फरकातच रुंदी असते. एकच तुकडा कॉपी करून दोन्हीकडं लावला तर फक्त आवाज वाढतो. गायकांना दोनदा गायचा कंटाळा येऊ लागला म्हणून बीटल्ससाठी ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये टेपच्या साहाय्यानं ही जोडी यंत्रानंच काढायची युक्ती केली. आज प्रोसेसरात ‘डबलर’ असतो, किंवा एका बाजूला दहा-पंधरा मिलिसेकंद उशीर, किंवा काही सेंटांचा डिट्यून. पेटीतल्या दोन सुरांच्या जोडीचंच हे. घरी स्टिरिओ हेडफोनवर थक्क करणारं. पण आमच्याकडच्या बहुतेक साउंड सिस्टीममध्ये डावं-उजवं मिक्सरवर एकत्र येतं. पंधरा मिलिसेकंद मागचा आवाज मूळ आवाजात मिसळला की कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात, आणि जाडीच्या हौसेत गिटार पत्र्याच्या पाइपातून आल्यासारखी होते. स्टेजसाठी मी थोडा डिट्यून ठेवतो, तोही मूळ आवाजाच्या बराच खाली, उशीर नाही. दोन वेगळे ॲम्प एकत्र चालवणं हा प्रकार स्टेजवर चालतो, फक्त एक बराच स्वच्छ आणि मिडनं भरलेला असावा. दोन्ही गेनवाले घेतले तर त्यांचं पटत नाही.

गिटार, पिकअप, तारा यांवर फार शाई घालवावीशी वाटत नाही. गिब्सनच्या सेथ लव्हर यांचा १९५५ चा हंबकर सिंगल कॉइलपेक्षा जाड लागतो, हे खरं. जाड तारा घाला म्हणजे जाड टोन, हे मात्र अर्धं खरंही नाही. जाडीचा बादशहा टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री-प्रेसवर काम करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग सांगून पटवावा लागणार नाही. दुखऱ्या बोटांना झेपाव्यात म्हणून त्यानं सुरुवातीला चक्क बँजोच्या तारा गिटारला चढवल्या. ब्लॅक सबाथचा आवाज पातळ होता असं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

जोडण्यांमधली एक चूक मात्र वारंवार दिसते. प्रोसेसरात कॅबिनेटची नक्कल चालू, आणि प्रोसेसरचा जॅक गिटारच्या ॲम्पच्या पुढच्या इनपुटला. म्हणजे स्पीकरच्या नकलेवर पुन्हा स्पीकर, माइकच्या नकलेवर पुन्हा प्रीॲम्प. आवाज चादरीखाली बोलल्यासारखा होतो. ॲम्पमध्ये घालायचं तर नक्कल बंद. पीएत घालायचं तर चालू. आणि स्टेजवर अर्थिंग नीट नसलं की ५० हर्ट्झची गुणगुण येते. तिच्यावर नॉइज गेट कडक बसवला की तो सुराचं शेपूट कापतो, नाद मधेच तुटतो, आणि लोक म्हणतात प्रोसेसर पातळ. गेट सैल करा, डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट बघा, आणि साउंडवाल्याला चहा पाजा. शेवटचं सर्वांत उपयोगी.

कारण खरा पॅच तोच बसवतो. एका गणेशोत्सवात आमचा साउंडवाला अनेक वर्षं बेंजो पार्टीबरोबर फिरलेला निघाला. माझ्या चॅनेलवर त्यानं शंभरच्या खालचं सगळं छाटलं, साडेपाचशेच्या जवळ मूठभर चढवलं, वरचं सहा हजारांवर बंद केलं. आकडे मी नंतर मिक्सरवर पाहिले. तो कानानंच फिरवत होता. ‘भोंग्याला जे जमतं तेच द्यायचं, अण्णा,’ एवढंच म्हणाला. मी पंधरा दिवस खपून बसवलेल्या आयआरला त्यानं भोंग्याच्या मापात घातलं, आणि ढोल, कीबोर्ड, दोन गायक यांच्यामधून गिटार जाड ऐकू आली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खटाटोप आहे. आयआर काढायला फार काही लागत नाही: २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर, स्पीकर, माइक, आणि लॅपटॉप. जगभरच्या नामांकित कॅबिनेटांचे हजारो आयआर निघाले. पत्र्याच्या भोंग्याचा एक काढायचा. त्याच्या आलेखात तीनशेच्या खाली काही नसेल, मध्ये एक-दोन टेकड्या असतील, वर लवकरच उतार. तो गिटारच्या मूळ कॅबिनेटखाली चौथाई भागानं मिसळून पाहायचा, अर्थात मिलिसेकंद जुळवून. भोंगा मिळालाय, गोदामात धूळ खात पडलेला, कडेला थोडा चेपलेला. चेपल्या जागेमुळं आठशे हर्ट्झच्या आसपास तो किंचित गुरगुरतो. ती जागा ठोकून सरळ करायची नाही, एवढं ठरलंय.